जुन्या सीजे-५ ला ट्रकचा चार-स्पीड गिअरबॉक्स: मोजपट्टीपासून पहिल्या उतारापर्यंत

कोलोरॅडोतल्या ब्लॅक बेअर खिंडीतून टेल्युराइड गावाकडे उतरणारा रस्ता एकदिशा आहे. उतरायला लागलात की मागे फिरता येत नाही. माझी १९६९ ची जीप सीजे-५ त्या वळणांवर लो रेंजच्या (खडकाळ वाटेसाठीच्या कमी वेगाच्या टप्प्याच्या) पहिल्या गिअरमध्ये होती, ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता, तरी ती पुढे पळत होती. सगळा भार ब्रेकवर आला होता. खाली पोचल्यावर बाटलीतलं पाणी मागच्या ड्रमवर शिंपडलं, तर तव्यावर पडल्यासारखं तडतडून उडालं. घरी येईपर्यंत गिअरबॉक्स बदलायचा माझा निर्णय झाला होता.

साताऱ्याजवळच्या आमच्या शेतावर अप्पांकडे महिंद्राची पेट्रोल सीजे-३बी होती. ती गाडी उतारावर इतकी शांत कशी चालायची याचं उत्तर मला पुढे कागदावर मिळालं. मूळ जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीच्या त्या आराखड्यात टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८०, डाना १८ ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणाऱ्या डब्याचा) लो २.४६ आणि ॲक्सलचा रेशो ५.३८. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ येतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३७ फेरे. माझ्या सीजे-५ मध्ये डॉन्टलेस व्ही-सिक्स इंजिन आहे, २२५ घनइंचाचं, १६० हॉर्सपॉवरचं. त्याच्या मागे टी-१४ हा तीन-स्पीड गिअरबॉक्स, पहिला गिअर ३.१०, ट्रान्सफर केस तीच, पण ॲक्सल ३.७३. गुणाकार २८.४. ताकद दुप्पट, आणि खडकात मात्र अप्पांच्या गाडीपेक्षा उतावळी.

तुमच्या गाडीचा हा गुणाकार आधी काढा. मग टायरच्या व्यासावरून वेग काढा. ३१ इंची टायरचा एक फेरा सुमारे २.४७ मीटरचा, म्हणजे २८.४ ला हजार आरपीएमवर ताशी ५.२ किलोमीटर. जनरल मोटर्सच्या एसएम४२० चा पहिला गिअर ७.०५ आहे. तो बसवला की गुणाकार ६४.७ होतो आणि त्याच आरपीएमवर वेग ताशी २.३ किलोमीटर. माणूस शेजारी चालत पुढचे दगड दाखवू शकेल असा.

या कामातून हायवेचा वेग मिळत नाही, हेही आत्ताच समजून घ्या. जुन्या बॉक्सचा टॉप गिअर १:१ होता, नव्याचाही १:१ आहे. ताशी १०० किलोमीटरला माझं इंजिन आधी सुमारे २५०० फिरत होतं, आजही तेवढंच फिरतं. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणून काटाही बदलत नाही. हायवेवर आरामात जाणं हा तुमचा हेतू असेल तर ओव्हरड्राइव्ह (टॉपच्याही वरचा गिअर) किंवा पाच-स्पीड बॉक्सकडे वळा, हा लेख त्यासाठी नाही.

बॉक्स निवडताना आधी लांबी बघा

हेवी-ड्यूटी म्हटलं की माणसं टॉर्क विचारतात. छोट्या जीपला टॉर्कच्या आधी लांबी विचारावी लागते. १९७१ पर्यंतच्या सीजे-५ चा व्हीलबेस फक्त ८१ इंच आहे. गिअरबॉक्स जितका लांब, तितकी ट्रान्सफर केस मागे सरकते, आणि ते इंच मागच्या प्रॉपेलर शाफ्टमधून कापले जातात. मागचा शाफ्ट या गाडीत आधीच आखूड आहे.

म्हणून मी एसएम४२० घेतला. १९४७ ते १९६७ या काळात शेव्हरोलेट आणि जीएमसीच्या ट्रकांमध्ये हा बॉक्स येत असे. ओतीव लोखंडाचा, वजन साधारण ६० किलो, पण डबा जेमतेम साडेदहा इंच लांबीचा. त्याच्यानंतर आलेला एसएम४६५ जास्त दणकट आहे, पण सुमारे १२ इंच लांब आणि ८० किलोच्या घरातला, पहिला गिअर ६.५५. वॉर्नरचा टी-१८ हा तिसरा चांगला पर्याय. त्याचा पहिला गिअर ६.३२, पण त्याच नावाने ४.०२ चाही बॉक्स विकला गेला आहे, आणि भंगारवाल्याला हा फरक माहीत असेलच असं नाही.

हा फरक ओळखायला कॅटलॉग लागत नाही. बॉक्स जमिनीवर ठेवा, पहिला गिअर टाका, इनपुट शाफ्टवर खडूने रेघ मारा, आउटपुटवर दुसरी. इनपुट हाताने फिरवत मोजा. आउटपुटचा एक फेरा पुरा व्हायला सात फेरे आणि वर थोडं लागलं तर एसएम४२०. सहा आणि एक तृतीयांश लागले तर चांगला टी-१८. चारवरच आउटपुट फिरून आला तर पैसे खिशात ठेवा.

फेरे मोजतानाच हातांना बरंच कळतं. बेअरिंग खरखरतं का, एखाद्या जागी अडकतं का, शाफ्ट वर-खाली हलतो का. मग वरचं झाकण उघडा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न घासता जुळवणाऱ्या कड्या) नाही, त्यामुळे ट्रकच्या ड्रायव्हरांनी तो घासून घासून टाकलेला असतो. पहिल्या आणि रिव्हर्सच्या सरकत्या गिअरच्या दातांची टोकं थोडी झिजलेली असणं चालतं. दाताचा टवका उडालेला असेल तर तो बॉक्स सोडा. तळाशी पाणी मिसळलेलं पांढुरकं ऑइल दिसलं तर बेअरिंग सगळी बदलायची असं धरूनच भाव करा.

काही उघडण्याआधी जमवायच्या गोष्टी

गाडी उघडून ठेवली आणि एका पार्टसाठी तीन आठवडे ती स्टँडवर अडकली, असं फार वेळा होतं. अडॅप्टर किट, म्हणजे नवा बॉक्स जुन्या इंजिनाला आणि ट्रान्सफर केसला जोडणारे भाग, सगळ्यात आधी मागवा. अमेरिकेत या कामासाठी ॲडव्हान्स अडॅप्टर्स आणि नोव्हाक ही दोन नावं जुन्या जीपवाल्यांच्या तोंडी असतात. ऑर्डर देताना ते विचारतील त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर गाडीखाली झोपून मापून द्या, आठवणीने देऊ नका.

डाना १८ बाहेरून सारखीच दिसते, पण गिअरबॉक्सच्या बाजूचं तिचं भोक दोन मापांत येतं. जुन्या चार-सिलिंडर गाड्यांत ते सव्वातीन इंचांहून किंचित लहान, तर व्ही-सिक्सच्या गाड्यांत ४ इंच. आतला मधला शाफ्टही काळाप्रमाणे जाड होत गेला: आधी पाऊण इंच, मग सव्वा इंचाला थोडा कमी म्हणजे १ १/८, आणि शेवटी १ १/४ इंच. पाऊण इंचवाली केस हाती असेल तर सात पटीचा गिअर तिच्यामागे लावू नका. जाड शाफ्टची केस शोधा, त्या जुन्या केसमध्ये पैसा घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

इनपुट शाफ्टला १ १/८ इंच व्यासाच्या १० स्प्लाइन (उभे दाते) आहेत. क्लच प्लेटचा हब तसाच हवा, बाहेरचा व्यास तुमच्या फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटप्रमाणे. पायलट बुशचा (क्रँकच्या भोकात बसून इनपुट शाफ्टचं टोक धरणाऱ्या नळीचा) आतला व्यास गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक बघून आणि बाहेरचा व्यास क्रँकचं भोक बघून घ्यायचा. दोन्ही मापं दोन वेगळ्या गाड्यांमधून आलेली असतात, हे लक्षात ठेवलं की पुढचा गोंधळ टळतो. याशिवाय रिलीज बेअरिंग, सगळी सीलं, मॅग्नेटिक स्टँडचा डायल गेज, टॉर्क रेंच, गिअरबॉक्सचा जॅक. हा शेवटचा भाड्याने आणा, पण आणाच. छातीवर घेऊन उचलायचं हे वजन नाही.

जुना बॉक्स खाली काढणं

बॅटरीची केबल काढा, गाडी चार पक्क्या स्टँडवर घ्या, चेसिसच्या खाली, जॅकच्या भरवशावर नाही. दोन्ही शाफ्ट उतरवण्याआधी त्यांच्या यॉकवर (टोकाच्या दुबेळक्यांवर) पंचने खुणा करा. गाडीच्या तळावरचं आवरण, गिअरचे दांडे, क्लचचं लिंकेज, स्पीडोची केबल सोडवा आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा.

व्ही-सिक्स इंजिनाचा मागचा भार गिअरबॉक्सखालच्या क्रॉसमेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर) असतो. तो काढला की इंजिन मागे कलतं. म्हणून बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या डब्याच्या) खाली लाकूड घालून स्टँड लावा, आणि त्याआधी डॅशबोर्डच्या भिंतीपासून इंजिनाच्या ठरावीक बिंदूपर्यंतचं अंतर आणि व्हॉल्व्ह कव्हरवरचा कोन लिहून ठेवा. नवा क्रॉसमेंबर बसवताना इंजिन याच जागी परत यायचं आहे.

ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी करताना नवखा माणूस हमखास अडतो. बाहेरचे सगळे बोल्ट काढले, तरी दोन्ही डबे सुटत नाहीत, मग पहार घातली जाते आणि केसचा कान तुटतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ट्रान्सफर केसच्या आत जातं आणि त्यावर बसलेला गिअर एका खाचेच्या नटने पकडलेला असतो. केसच्या मागच्या बाजूला गोल झाकण आहे, पीटीओचं (बाहेरच्या यंत्राला ताकद देण्याच्या जागेचं). पाच बोल्ट काढले की आत नट आणि त्यातली कॉटर पिन दिसते. पिन काढा, हँडब्रेक ओढून ट्रान्सफर केस गिअरमध्ये ठेवा, कारण या गाडीत हँडब्रेकचा ड्रम केसच्या मागच्या आउटपुटवरच आहे. नट सोडा, हँडब्रेकची केबल सोडवा, गिअर मागून बाहेर घ्या. आता बोल्ट काढले की केस हलक्या हाताने मागे येते. कॉटर पिन मोजून बाहेर काढा, तिचा तुकडा आत पडलेला चालणार नाही.

बेल हाउसिंगचं केंद्र

सगळ्या कामात एकच पायरी नीट करायला वेळ असेल तर ही करा. ती वगळल्यामुळे येणारी लक्षणं नंतर भलत्याच गोष्टीच्या माथी मारली जातात: गिअर जड पडतो, क्लच थरथरतो, पायलट बुश वर्षभरात खलास होतो, टॉप गिअर आपोआप सुटतो. माणसं बॉक्स पुन्हा उघडतात, त्यात काही सापडत नाही.

क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत हवेत. गिअरबॉक्स बसतो अडॅप्टर प्लेटच्या भोकात, प्लेट बसते बेल हाउसिंगवर, हाउसिंग बसतं इंजिनाच्या दोन डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या) पिनांवर. तीन जोड, आणि प्रत्येक जोडात थोडा थोडा फरक साचतो. म्हणून नुसत्या हाउसिंगचं माप घेऊन थांबू नका. प्लेट घट्ट लावून तिच्या भोकाचं माप घ्या.

आधी सगळे पृष्ठभाग रॉकेलने धुवा. रंगाचा थर, गंज, जुन्या गॅस्केटचा तुकडा, काही ठेवू नका. कानस सपाट धरून कडांवरचे उठाव उतरवा. क्लच काढलेला, स्पार्क प्लग काढलेले. डायल गेजचा चुंबक फ्लायव्हीलवर, टोक भोकाच्या आतल्या कडेवर. क्रँक हाताने फिरवा आणि दर पाव फेऱ्याला आकडा लिहा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक म्हणजे पूर्ण रीडिंग. त्याचं निम्मं म्हणजे खरं विचलन. निम्मं ०.००५ इंचाच्या आत असलं पाहिजे.

माझं पूर्ण रीडिंग ०.०१८ आलं, म्हणजे विचलन ०.००९. यासाठी ऑफसेट (केंद्र एका बाजूला सरकवलेल्या) डॉवेल पिना मिळतात, ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाच्या. मी ०.००७ च्या लावल्या. दोन्ही पिनांच्या खुणा एकाच दिशेला, ज्या बाजूला हाउसिंग सरकवायचं त्या बाजूला. पहिल्या प्रयत्नात एक पिन थोडी फिरली आणि आकडा उलट वाढला. परत काढली, खूण जुळवली, ठोकली. दुसऱ्यांदा काटा ०.००४ मध्ये फिरला, म्हणजे विचलन ०.००२. या एका कामाला अख्खी दुपार गेली.

मग गेजचं टोक मागच्या पृष्ठभागावर ठेवून तोही बघा. हे करताना क्रँक एका दिशेने दाबून धरा, नाहीतर क्रँकचाच पुढे-मागे प्ले आकड्यात मिसळतो. इथे काटा डोलत असेल तर पृष्ठभागांमध्ये अजून काहीतरी अडकलंय, किंवा हाउसिंग लेथवाल्याकडे न्यायला हवं.

पायलट बुश, क्लच आणि कणकेचा गोळा

जुना पायलट बुश काढायला पुलर नसेल तर भोक ग्रीसने काठोकाठ भरा, त्यात घट्ट बसेल असा गोल दांडा घाला आणि हातोडा मारा. ग्रीस मागून दाबतं आणि बुश बाहेर येतो. दोन-तीनदा ग्रीस भरावं लागतं. नवा बुश ठोकल्यावर आतून किंचित आवळतो, म्हणून ठोकल्यानंतर पुन्हा इनपुटचं टोक त्यात घालून पाहा. ते सहज शिरून, डगडग न करता फिरलं पाहिजे. माझा पहिला बुश एका वर्कशॉपमधून वळवून आणलेला होता आणि भोकात एक बारीक धार राहिली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटाला लागली. एमरी पेपरने ती काढली, नाहीतर शाफ्ट ओरखडला असता.

इनपुट शाफ्टचं टोक बुशमध्ये किती शिरतं हे मोजा. प्लेटच्या मागच्या पृष्ठभागापासून बुशच्या तोंडापर्यंतची खोली एकीकडे, गिअरबॉक्सच्या पृष्ठभागापासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी दुसरीकडे. कागदावर आकडा बरोबर आला तरी मी खात्रीसाठी स्वयंपाकघरातून घट्ट मळलेल्या कणकेचा छोटा गोळा आणला, बुशच्या पलीकडे क्रँकच्या भोकात भरला, क्लच न लावता बॉक्स पूर्ण बसवला आणि परत काढला. टोकाचा ठसा उमटला, पण त्याच्या पुढे कणकेचा जाड थर शिल्लक होता. म्हणजे टोक बुशमधून पुरेसं आत गेलं आणि तळाला टेकलं नाही. टोक तळाला टेकत असताना बोल्ट आवळले तर क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग जातं, ते काम इंजिन उघडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. नंतर कणीक कण न कण काढून टाका.

फ्लायव्हील घासून घ्या, क्लच प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू कुठली तो शिक्का वाचा, आणि जुन्या इनपुट शाफ्टने किंवा प्लास्टिकच्या टूलने प्लेट मध्यावर धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा. रिलीज बेअरिंग नव्या बॉक्सच्या नळीवर मोकळेपणाने सरकतं का ते टेबलावरच पाहा.

बॉक्स चढवणं

अडॅप्टरप्रमाणे मागचा शाफ्ट बदलायचा असेल तर तो बॉक्स टेबलावर असतानाच बदला. किटमधल्या सीलची ओठाची बाजू कुठे हवी हे सूचनापत्रात बघून घ्या. उलटं बसलं तर एका डब्यातलं ऑइल दुसऱ्यात जातं.

गिअरबॉक्स लावायच्या बोल्टच्याच आट्याचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, टोकांना करवतीने खाच पाडा. हे दोन वरच्या भोकांत बसवले की गिअरबॉक्सला रूळ मिळतात. जॅकवर बॉक्स समपातळीत आणा, टॉप गिअरमध्ये ठेवा, आउटपुट हाताने किंचित फिरवत पुढे ढकला म्हणजे स्प्लाइन जुळतात. शेवटचा अर्धा इंच राहिला की मोह होतो बोल्ट लावून ओढून घ्यायचा. ओढू नका. बॉक्स हाताच्या दाबाने पृष्ठभागाला टेकत नसेल तर काहीतरी चुकलंय. मागे घ्या, बघा.

बॉक्स अर्धवट आत असताना जॅक सोडून जाऊ नका. मी फोन घ्यायला दहा मिनिटं गेलो, जॅक थोडा खाली बसला, आणि ६० किलो वजन क्लच प्लेटच्या हबवर लटकलं. प्लेट वरून चांगली दिसत होती. गेज लावला तेव्हा वाकलेली निघाली. नवी प्लेट आणावी लागली.

बॉक्स बसल्यावर ट्रान्सफर केस चढवा, आतला गिअर, नट, नवी कॉटर पिन, मागचं झाकण. मग इंजिन लिहून ठेवलेल्या जागी आणि कोनात आणून क्रॉसमेंबरची नवी जागा ठरवा. चेसिसला आधी तात्पुरते क्लॅम्प लावा. शाफ्टची मापं घेईपर्यंत एकही कायमचं भोक पाडू नका.

मागचा शाफ्ट

गाडी आता चाकांवर, सपाट जमिनीवर, रोजच्या वजनासकट. शाफ्टचं माप गाडी स्टँडवर असताना घेतलं तर ॲक्सल लोंबतो आणि माप खोटं येतं.

समजा मागच्या शाफ्टची लांबी २० इंच आहे आणि ट्रान्सफर केस ते पिनिअन (शाफ्ट जोडला जातो तो ॲक्सलचा गिअर) उंचीतला फरक ५ इंच. कोन साडेचौदा अंशांचा. ट्रान्सफर केस ३ इंच मागे सरकली की तीच ५ इंचांची उतरण १७ इंचांत बसते आणि कोन १७ अंशांवर जातो. कमानपाटे उंच केले असतील तर आणखी वाईट. शाफ्ट बनवणाऱ्या स्पायसरच्या तक्त्याप्रमाणे साध्या युनिव्हर्सल जॉइंटचा कोन शाफ्ट २५०० फिरत असताना ७ अंशांच्या आत असावा, १५०० ला साडेअकरा. ताशी १०० ला माझा शाफ्ट २५०० फिरतो. म्हणजे साधे दोन क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) लावून हायवेवर जाणं म्हणजे थरथर आणि मोडतोड.

उपाय दोन. साधा शाफ्ट ठेवायचा तर दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवा, आउटपुट आणि पिनिअन समांतर, आणि वेग मर्यादेत ठेवा. नाहीतर ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी क्रॉसचा जॉइंट लावा आणि ॲक्सलखाली पाचरीच्या शिमा घालून पिनिअनचं तोंड सरळ शाफ्टकडे वळवा. मी दुसरा मार्ग घेतला. शाफ्ट बनवणाऱ्याला गाडीच्या वजनासह घेतलेलं माप, सरकत्या जोडाला दोन्हीकडे किती जागा हवी ते, आणि दोन्ही यॉकचे प्रकार लिहून दिले. पुढचा शाफ्ट आता लांब हवा, तोही त्याच वेळी करून घ्या.

डाना १८ चं मागचं आउटपुट उजवीकडे आहे आणि मागचा डिफरन्शियलही उजवीकडे, त्यामुळे वरून पाहिलं तर शाफ्ट जवळपास सरळ जातो. तुमच्या गाडीत कोणी आधीच मधोमध डिफरन्शियल असलेला ॲक्सल बसवला असेल तर आडवा कोनही मोजावा लागेल. शाफ्ट जमला की क्रॉसमेंबर पक्का करा.

गाडीच्या तळाच्या पत्र्याचं काम सोपं आहे, पण घाई नको. एसएम४२० चा दांडा जुन्या जागेपेक्षा मागे आणि उंच येतो. पुठ्ठ्याचा नमुना कापा, सीट पूर्ण पुढे घेऊन सगळे गिअर टाकून बघा, मग पत्र्याला ग्राइंडर लावा. हीटरच्या नळ्या आणि ब्रेकची नळी या भोकाजवळून जाते का, तेही बघा.

ऑइल, पहिली फेरी, आणि नवी सवय

बॉक्समधल्या सिंक्रोच्या कड्या पितळी आहेत, म्हणून जीएल-४ प्रतीचं ८०डब्ल्यू-९० ऑइल भरा, डिफरन्शियलचं जीएल-५ नको. भरण्याच्या भोकातून ओघळ येईपर्यंत. ट्रान्सफर केस वेगळी भरा. क्लच पेडलला इंचभर फ्री प्ले ठेवा. चाकं हवेत असताना इंजिन चालू करून सगळे गिअर, हाय, लो, न्यूट्रल, पुढचा ॲक्सल, सगळं तपासा. मग घराभोवती एक फेरी, आणि गाडीखाली पुठ्ठा टाकून एक रात्र.

पहिला गिअर रस्त्यावर विसरा. दुसरा गिअर ३.५८ चा आहे, जुन्या टी-१४ च्या पहिल्या गिअरपेक्षाही ताकदीचा. सिग्नलवरून दुसऱ्यातच निघा. पहिला फक्त उभ्या गाडीत, खडकात, उतारावर. चालत्या गाडीत तो टाकायचाच असेल तर डबल क्लच करा: न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडी रेस द्या, मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना ३.५८ वरून १.७१, अशी मोठी उडी आहे. एक श्वास थांबून गिअर टाका.

बॉक्स टिकला की ताण पुढच्या कमजोर कडीवर जातो. माझ्या मागच्या डाना ४४ मध्ये दोन तुकड्यांचे ॲक्सल आहेत, निमुळत्या टोकावर चावीने बसवलेला हब. तिथल्या मोठ्या नटचा टॉर्क मी प्रत्येक ट्रिपच्या आधी तपासतो. पायाने सुद्धा थोडं शिकावं लागतं. चाक अडकलं असताना पहिल्या लो मध्ये जोर देऊ नका.

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांसाठी

एसएम४२० तिथे मिळवत बसू नका. पण तुमच्याकडे टी-९० आणि डाना १८ असलेली जुनी महिंद्रा पेट्रोल जीप असेल, तर मागच्या झाकणातला नट, गेज, पायलट बुश, शाफ्टचा कोन, हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. कुठलाही बॉक्स निवडा, गुणाकार आणि लांबी आधी.

कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल नसावा, अशी अट आहे. गिअरबॉक्सचा शब्द तिथे नाही, पण क्रॉसमेंबरसाठी चेसिसवर वेल्डिंग केलंत तर तो चेसिसमधला बदल धरला जाऊ शकतो. म्हणून बोल्टने बसणारा क्रॉसमेंबर करा, जुना सगळा संच तेलाच्या चिंध्यांत गुंडाळून ठेवा, आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा.

दीडशे किलोमीटरनंतर मी परत खाली झोपलो. अडॅप्टरचे दोन बोल्ट पाव फेरा आवळले गेले, क्रॉसमेंबरचा एक. मागच्या दुहेरी जॉइंटला ग्रीस दिलं. शाफ्टच्या सरकत्या जोडावर ग्रीसच्या पुसल्या गेलेल्या पट्ट्यावरून तो किती आत-बाहेर गेला ते मोजलं: दोन्हीकडे इंचाहून जास्त जागा शिल्लक. त्याच ऑगस्टमध्ये पुन्हा ब्लॅक बेअर उतरलो, लो रेंजचा पहिला गिअर, पाय ब्रेकवरून उचललेला. खाली थांबून मागच्या ड्रमवर तळहात ठेवला. कोमट होता.